बांधून न ठेवता उपचार: मानसिक आरोग्य नर्सिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नातेवाइकांच्या सभांत, नर्सिंगच्या मुलींच्या वर्गात, ड्यूटी संपवून स्टेशनकडे निघाल्यावर वाटेत थांबवून लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी मुंबईत मनोविकार कक्षात चोवीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. आता कक्षातली सक्ती कमी कशी करता येईल यावर अभ्यास करते. तेच तेच पुन्हा येऊ नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. पुढे नुसतं 'कायदा' म्हटलं असेल तिथे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ समजावा. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे.

१. सक्ती म्हणजे पेशंटला बांधणं एवढंच ना? आमच्याकडे तर कुणाला बांधत नाहीत.

बांधणं डोळ्यांना दिसतं म्हणून तेवढंच आठवतं. खोलीत एकटं कोंडणं, चौघांनी धरून इंजेक्शन देणं, कक्षाला कायमचं कुलूप लावणं, हीसुद्धा सक्तीच. त्याखाली आणखी एक थर असतो, तो रजिस्टरमध्ये सापडत नाही. "गोळी घे, नाहीतर सुई टोचेन." "असं वागलास तर घरच्यांना भेटू देणार नाही." मोबाइल काढून घेणं, पोळीत गोळी लपवणं.

अमेरिकेत १९९० च्या दशकात मॅकआर्थर संशोधन गटाने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांनाच विचारलं, की तुम्हाला किती सक्ती जाणवली. आपलं म्हणणं कुणीतरी ऐकलं, आपल्याशी आदराने आणि खरं बोललं गेलं असं ज्यांना वाटलं, त्यांना ती कमी जाणवली. धमकी आणि बळ वापरलं तिथे ती वाढली. मन वळवल्याने वाढली नाही. दाखला (म्हणजे रुग्णालयात भरती) कुठल्या कलमाखाली झाला, एवढ्यावरून मात्र ते पुरतं कळत नव्हतं. म्हणून 'आमच्याकडे बांधत नाहीत' हे उत्तर मला अर्धंच वाटतं.

२. मानसिक आरोग्य नर्स आणि साधी नर्स यांत फरक काय?

कायद्याच्या व्याख्येत जनरल नर्सिंगची किंवा मनोविकार नर्सिंगची मान्यताप्राप्त पदविका अथवा पदवी असलेली आणि राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंद असलेली व्यक्ती येते. प्रत्यक्षात मनोविकार कक्षात काम करणाऱ्या बहुतेक सिस्टर आणि ब्रदर जनरल नर्सिंग करून, बदलीवर तिथे आलेले असतात. वर्षभराची मनोविकार नर्सिंगची पदविका किंवा त्या विषयातलं एम.एस्सी. केलेले थोडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या माहितीप्रमाणे भारतात एक लाख लोकांमागे मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या नर्स ०.८ होत्या. एकही पुरी नाही.

फारसं कुणाला माहीत नसलेली एक तरतूद: राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केली तर मानसिक आरोग्य नर्सला 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' म्हणून काम करता येतं. सक्तीच्या दाखल्यासाठी जी दुसरी स्वतंत्र तपासणी लागते (प्रश्न ८), ती तिला करता येते. एवढा अधिकार हातात असताना आपण अजून 'डॉक्टरांना विचारून सांगते' एवढ्यावरच थांबतो, याचं मला वाईट वाटतं.

३. पण यात संशोधन करण्यासारखं काय आहे? माणुसकीचा प्रश्न आहे.

माणुसकीचा आहेच. पण मोजल्याशिवाय तो कुणाला दिसत नाही. एखाद्या कक्षात विचारा, महिन्यात किती जणांना बांधलं? उत्तर येतं, "फारसं नाही, कधीतरी." मग नोंदी उघडा. किती वेळा, किती तास, कोणत्या पाळीत, आधी काय घडलं होतं. हे आकडे दर १,००० रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस कक्षात राहिला की एक रुग्णदिवस) मांडले की एका कक्षाची दुसऱ्याशी, किंवा त्याच कक्षाची मागच्या वर्षाशी तुलना करता येते.

अशी मोजदाद केली की नमुने दिसतात. माझ्या स्वतःच्या नोंदींत रात्रीची पाळी सुरू होतानाचा तास सगळ्यांत वाईट होता, आणि जुलै-ऑगस्टमध्ये गाड्या बंद पडल्या की त्याहून वाईट. कल्याण-कर्जतहून येणारी सिस्टर पोहोचत नाही, आधीच्या पाळीतली थकलेली बाई एकटी थांबते, आणि त्या रात्री दोरी लवकर बाहेर येते. म्हणजे पेशंटचा आजार तोच असतो, बदललेली असते ती रेल्वे. हे कळलं की उपाय औषधाच्या कपाटाबाहेर शोधायला लागतो.

बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत दाखल रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात जवळपास दोन तृतीयांश रुग्णांवर कुठल्या ना कुठल्या प्रकारचं बंधन आलेलं आढळलं. दोरीपेक्षा औषध देऊन आवरण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. देशातल्या नावाजलेल्या संस्थेने स्वतःचे आकडे छापले, याबद्दल मला आदर वाटतो.

४. पेशंट अंगावर धावून येतोय. त्या क्षणी बांधू नये तर काय करावं?

त्या क्षणी पर्याय खरंच थोडे उरतात. म्हणून आमचं सगळं लक्ष त्याआधीच्या दोन-चार तासांवर असतं.

एक प्रसंग सांगते. पंचविशीतला एक मुलगा, शिवणकामाच्या कारखान्यात कामाला, आदल्या रात्री दाखल झालेला. संध्याकाळी पाचला त्याने मला सांगितलं, "सिस्टर, चिपळूणला आईला फोन लावायचाय." मी म्हटलं, नंतर. सहाला पुन्हा विचारलं, तेव्हा औषधांची गाडी फिरत होती. सातला त्याने वॉर्डबॉय मामांना विचारलं, त्यांनी "बस गप" म्हटलं. आठला तो येरझाऱ्या घालू लागला, स्वतःशी मोठ्याने बोलू लागला. साडेआठला त्याने सलाईनचा स्टँड आपटला. नऊला आम्ही पाच जणांनी त्याला पलंगाला बांधलं, आणि उजव्या मनगटाची गाठ मी मारली. नोंदीत मी लिहिलं, 'रुग्ण अचानक हिंसक झाला.' ते खोटं होतं. चार तासांत काहीही अचानक नव्हतं.

नॉर्वेत तयार झालेली 'ब्रोसेट' यादी याच चार तासांसाठी आहे. दर पाळीत नर्सने सहा गोष्टी पाहायच्या: गोंधळलेपण, चिडचिड, आरडाओरडा आणि धांगडधिंगा, अंगावर जाण्याचा आविर्भाव, तोंडी धमकी, वस्तूंवर राग काढणं. प्रत्येकीला शून्य किंवा एक. दोन मिनिटांचं काम. स्वित्झर्लंडमधल्या चाचणीत (२००८) असं नियमित मोजमाप सुरू केलेल्या कक्षांत गंभीर आक्रमक घटना ४१ टक्क्यांनी आणि सक्तीच्या उपायांची गरज २७ टक्क्यांनी घटली. त्या मुलाला सातलाच दोन गुण मिळाले असते. मी फोन आणून दिला असता.

आणि तो क्षण आलाच तर? एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. हात उघडे दिसतील असं, बाजूला, दोन हात अंतरावर उभं राहायचं. बघ्यांना हलवायचं. "शांत हो" म्हणायचं नाही, त्याने कुणीच शांत होत नाही. नावाने हाक मारून विचारायचं, "दादा, काय झालं, मला सांग." उत्तर ऐकायचं. मग जे खरंच देता येईल तेच कबूल करायचं. जागा, पाणी, वेळ, फोन, गोळी, यांतलं काय हवं ते त्याला निवडू द्यायचं.

५. 'सेफवॉर्ड्स'चं नाव सारखं ऐकतो. ते नक्की काय आहे, आणि आपल्याकडे चालेल का?

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले नर्सिंगचे प्राध्यापक लेन बॉवर्स यांनी वर्षानुवर्षं भांडणं आणि बंधनं कशी सुरू होतात याचा अभ्यास करून ही पद्धत बांधली. दहा साध्या कृती आहेत. कक्षात सगळ्यांना, कर्मचाऱ्यांनाही, लागू असलेल्या अपेक्षा भिंतीवर लावणं. नकार मवाळ शब्दांत देणं. वाईट बातमी कुणाला आज कळणार आहे हे आधी हेरून त्याच्याजवळ थांबणं. घटना घडून गेल्यावर घाबरलेल्या इतर रुग्णांशी बोलणं. घरी जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यांसाठी चार ओळी लिहून ठेवणं. अशा.

लंडन परिसरातल्या १५ रुग्णालयांतल्या ३१ कक्षांत चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि चाचणी केली. २०१५ साली निष्कर्ष छापले गेले: भांडणतंटे १५ टक्क्यांनी आणि बंधनाचे प्रकार २६.४ टक्क्यांनी कमी. औषध बदललेलं नव्हतं, इमारत बदललेली नव्हती.

आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही. तिथे रुग्णाला खोली असते, आपल्याकडे दोन पलंगांच्या मधून सिस्टर तिरकी होऊन जाते. तिथे नातेवाईक भेटीच्या वेळी येतात, आपल्या जनरल हॉस्पिटलात ते पलंगाखाली चादर टाकून झोपतात, आणि कित्येकदा बांधायची मागणी तेच करतात. पण 'मवाळ नकार' कुठेही चालतो. "बाहेर जायचं नाही म्हटलं ना!" आणि "काका, आत्ता दार उघडता येत नाही, राऊंड संपला की मी स्वतः तुम्हाला गच्चीवर नेते" यांत फक्त दहा सेकंदांचा फरक आहे. अट एवढीच, की राऊंड संपल्यावर खरंच न्यायचं. शब्द पाळला नाही तर पुढच्या वेळी मवाळ शब्दही धमकीसारखा ऐकू येतो.

६. बांधल्यावर तो शांत होतो, झोपतो. मग वाईट काय आहे त्यात?

शांत होतो की हरतो, हे बाहेरून सांगता येत नाही. गंभीर मानसिक आजारात बंधनाचा उपचार म्हणून उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी कॉक्रेनचा (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) आढावा २००० साली झाला. उपयोग सिद्ध करणारी एकही नियंत्रित चाचणी, म्हणजे तुलनेला दुसरा गट ठेवून केलेली चाचणी, त्यांना सापडली नाही. शेकडो वर्षं वापरात असलेली गोष्ट, आणि पुरावा शून्य.

अपाय मात्र ठाऊक आहेत. पालथं दाबून धरलं तर श्वास कोंडतो आणि जीव जाऊ शकतो. तासन्‌तास न हलता पडून राहिल्याने पायातल्या शिरेत गुठळी होते, ती फुफ्फुसात गेली तर मृत्यू येतो. घट्ट पट्टीने हाताच्या नसा दबतात. लघवीला जाता न आल्याची लाज तर माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही. बलात्कारातून वाचलेल्या बाईला चार पुरुषांनी धरून बांधणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

७. मग कायद्याने बांधायला बंदी आहे का?

साखळदंडाला पूर्ण बंदी आहे, कुठल्याही स्वरूपात (कलम ९५). एकटं कोंडून ठेवायलाही पूर्ण बंदी आहे (कलम ९७).

शारीरिक बंधनाला त्याच कलम ९७ मध्ये फार अरुंद वाट ठेवली आहे. रुग्णाला किंवा दुसऱ्याला तत्काळ इजा होणार आहे आणि ती टाळायला दुसरा मार्गच नाही, तेव्हाच. प्रभारी मनोविकारतज्ज्ञाची परवानगी हवी, आणि अगदी गरजेपुरताच वेळ. कशाने बांधलं, का बांधलं, किती वेळ, हे केसपेपरवर लिहावं लागतं. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या व्यक्तीला, २४ तासांत कळवावं लागतं. वैद्यकीय कर्मचाऱ्याची सतत देखरेख हवी. अशा सगळ्या घटनांचा अहवाल दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे (कायद्याने नेमलेलं, रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारं मंडळ) जायला हवा. शिक्षा म्हणून किंवा जरब बसावी म्हणून बांधता येत नाही. आणि कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. (त्यावर प्रश्न ११ मध्ये.)

८. भावाला त्याच्या मनाविरुद्ध दाखल करावं लागलं. किती दिवस ठेवू शकतात?

कलम ८९ खाली जास्तीत जास्त ३० दिवस. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो. त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं: एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरी व्यक्ती मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. मंडळाला सात दिवसांत कळवायचं, रुग्ण स्त्री असेल तर तीन दिवसांत. भावाला हा दाखला मान्य नसेल तर तो स्वतः मंडळाकडे अर्ज करू शकतो, त्यावर सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. तीस दिवसांपुढे ठेवायचं तर कलम ९० आणि मंडळाची परवानगी.

दाखला सक्तीचा झाला म्हणजे पुढची प्रत्येक गोष्ट सक्तीनेच करायला मोकळीक मिळते, असं मात्र नाही. संमती घेण्याचा प्रयत्न रोज नव्याने करायचा असतो.

९. आई स्वतः सही करून दाखल झाली. आता घरी जायचं म्हणते, तर हॉस्पिटल सोडत नाही.

स्वतःहून दाखल झालेल्या सज्ञान व्यक्तीला सुट्टी मागण्याचा हक्क आहे. डॉक्टरांना काळजीचं ठोस कारण वाटलं, म्हणजे तिने नुकताच जीव द्यायचा प्रयत्न केला, कुणाला मारलं, किंवा ती स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीतच नाही, तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. त्या वेळात एक तर कलम ८९ च्या अटी पूर्ण करायच्या, नाहीतर सोडायचं. 'मुलगा आल्याशिवाय सोडणार नाही' ही अट कायद्यात नाही. बिल बाकी आहे, हे कारणही नाही.

१०. आगाऊ निर्देश लिहून ठेवला तर खरंच उपयोग होतो का?

आगाऊ निर्देश म्हणजे आपण बरे असताना लिहून ठेवायचं, की पुढे माझी निर्णयक्षमता गेली तर मला कसे उपचार द्या, कसे देऊ नका, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. कुणाही सज्ञान माणसाला तो करता येतो, आधी आजार झालेला असो वा नसो. तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही.

संशोधनातलं उत्तर सरळ नाही. ब्रिटनमध्ये रुग्ण आणि उपचार करणारी मंडळी एकत्र बसून 'संकटकाळाचा आराखडा' करतात. २००४ च्या चाचणीत आराखडा असलेल्यांपैकी १३ टक्के आणि नसलेल्यांपैकी २७ टक्के लोक सक्तीने दाखल झाले. सगळ्यांना आशा वाटली. मग २०१३ मध्ये त्याहून मोठी चाचणी झाली आणि फरक दिसलाच नाही. बऱ्याच ठिकाणी आराखडा फॉर्म भरल्यासारखा उरकला गेला होता. नंतर फ्रान्समध्ये, स्वतः मानसिक आजार अनुभवलेल्या माणसांच्या मदतीने निर्देश लिहून घेतले, तेव्हा वर्षभरात सक्तीचे दाखले ३९.९ टक्क्यांऐवजी २७ टक्के होते (२०२२).

मला यातून दिसतं ते हे, की कागदापेक्षा तो लिहिताना शेजारी कोण बसलं होतं याला महत्त्व आहे. घरी बसून लिहायचाच असेल तर बारीक गोष्टी लिहा. 'मला अंधारात ठेवू नका.' 'पुरुष कर्मचाऱ्याने मला धरू नये.' 'अमुक इंजेक्शनने माझी मान वाकडी झाली होती.' 'ताईला आधी फोन करा, दादाला नको.' रात्री दोन वाजता नर्सच्या उपयोगी पडतं ते हे.

११. रात्री तीस पेशंटना दोन नर्स. आम्हाला कसले धडे देता?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि तो राग खरा आहे. एकीला सलाईन, दुसरीला नवीन दाखला, तेवढ्यात तिसरीकडे कुणी खिडकीवर चढतं. तिथे बांधणाऱ्या सिस्टरला मी कधीच क्रूर म्हणणार नाही. मी तीच सिस्टर होते.

पण दोन गोष्टी सांगते. कर्मचारी कमी असणं हे बांधण्याचं कारण होऊ शकत नाही असं कायदा म्हणतो, तेव्हा तो बोट नर्सकडे नाही, प्रशासनाकडे दाखवत असतो. म्हणून खोटं कारण लिहू नका. 'रुग्ण हिंसक' असं लिहिलं की दोष रुग्णाचा होतो आणि पद कधीच मंजूर होत नाही. त्या रात्री किती रुग्ण होते, किती कर्मचारी होते, कुणाला कधी कळवलं, हे त्याच पानावर लिहा. तो पुरावा आहे.

दुसरी गोष्ट. प्रश्न ५ मधल्या दहा कृतींत जादा भरती हा भाग नव्हता. बांधायला पाच माणसं लागतात, नंतर दर थोड्या वेळाने नाडी, श्वास, बोटांचा रंग पाहावा लागतो, मग लघवी, पाणी, केसपेपर. एका बांधण्यात कक्षाचे किती तास जातात हे आमच्याच नोंदींतून काढलं, तेव्हा आम्ही गप्प झालो. चिपळूणचा फोन पाच मिनिटांचा होता.

१२. आणि नर्सला मार बसला तर? तिच्या हक्कांचं कोण बोलणार?

बोलायलाच हवं. माझ्या मैत्रिणीचं नाक फुटलं आहे, आणि तिला दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर यायला सांगितलं गेलं. मारहाण 'कामाचा भाग' मानणाऱ्या कक्षात कुणीच सुरक्षित नसतं, रुग्णही नाही.

बंधन कमी केलं की हल्ले वाढतील, ही भीती मात्र पुराव्यात टिकत नाही. फिनलंडमध्ये सुरक्षा कक्षांतल्या, हिंसेचा इतिहास असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या पुरुषांवर चाचणी झाली (२०१३). नेतृत्व, आकडेवारी, प्रशिक्षण, रुग्णांचा सहभाग आणि घटनेनंतरची चर्चा यांवर भर देणारी अमेरिकी पद्धत तिथे वापरली. बंधन किंवा कोंडणं झालेल्या रुग्णदिवसांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं. हिंसा वाढली नाही. घटनेनंतरच्या चर्चेत मार खाल्लेल्या नर्सला आधी विचारायचं असतं, "तू कशी आहेस?" चौकशी नंतर.

१३. नवरा गोळी घेत नाही म्हणून आमटीत मिसळून देते. चुकतंय का माझं?

वहिनी, मावशी, आई, किती जणींनी हे मला कुजबुजत विचारलं आहे. तुम्ही दुष्ट नाही. तुम्ही दमला आहात, आणि तुम्हाला कुणी दुसरा मार्ग दाखवलेला नाही.

पण धोके ऐका. कळलं की अन्नावरचा आणि तुमच्यावरचा विश्वास एकदम जातो. 'माझ्या जेवणात विष घालतात' असा संशय ज्याचा आजारच आहे, त्याचा संशय तुम्ही खरा करता. तो एक वेळ जेवला नाही तर गोळी चुकते, बाहेरून दारू पिऊन आला तर त्यावर गोळी जाते, आणि त्रास झाला तर तो डॉक्टरांना सांगूच शकत नाही, कारण त्याला ठाऊकच नाही. लिथियमसारख्या औषधाला तर नियमित रक्ततपासणी लागते. ती लपवून कशी करणार?

आज लगेच बंद करा असंही मी म्हणत नाही, औषध एकदम थांबल्याने आजार उसळू शकतो. आधी डॉक्टरांना खरं सांगा. गोळी नको म्हणण्याचं त्याचं कारण विचारा. बहुतेकदा ते ठोस असतं: वजन वाढलं, कामावर झोप येते, संबंधांत अडचण येते. त्यावर औषध किंवा मात्रा बदलता येते. रुग्णालयात मात्र नर्सने असं कधीच करू नये.

१४. बांधण्यापेक्षा इंजेक्शन देऊन झोपवणं बरं नाही का?

कधी कधी बरं असतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कोणतं इंजेक्शन लवकर आणि सुरक्षितपणे शांत करतं यावर चाचण्या झाल्या (२००४ आणि २००७), त्या जगभर वापरल्या जातात. भारतीय कक्षात, भारतीय रुग्णांसोबत झालेलं हे मोलाचं काम आहे.

पण कक्ष शांत राहावा म्हणून दिलेलं इंजेक्शन ही औषधाची दोरीच. कलम ९७ शारीरिक बंधनाबद्दल आहे. इंजेक्शनला संमतीचे आणि तातडीच्या उपचारांचे नियम लागतात. तातडीचे उपचार जास्तीत जास्त ७२ तास, जीवाला धोका, गंभीर इजेचा किंवा मालमत्तेच्या मोठ्या नुकसानीचा धोका असतानाच, आणि प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने. आधी तोंडाने घ्यायची गोळी द्या. दिल्यानंतर श्वास, नाडी, रक्तदाब पाहा. सुई टोचून पाठ फिरवणं धोक्याचं आहे.

१५. शॉक ट्रीटमेंट जबरदस्तीने देतात का?

भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचे उपचार देणं बेकायदा आहे. तातडीचा उपचार म्हणूनही देता येत नाहीत. अल्पवयीनांना मंडळाच्या परवानगीशिवाय नाहीच. नीट संमतीने आणि भुलेखाली दिले तर तीव्र नैराश्यात ते जीव वाचवतात, मी पाहिलं आहे.

१६. कक्षाचं दार उघडं ठेवलं तर पेशंट पळून जाईल. बाहेर रस्ता, पुढे रेल्वेचे रूळ.

मुंबईत ही भीती पोकळ नाही. तरी जर्मनीतल्या २१ रुग्णालयांच्या १५ वर्षांच्या नोंदी तपासल्या (२०१६), तेव्हा कुलूप न लावणाऱ्या रुग्णालयांत आत्महत्या किंवा पळून जाणं जास्त आढळलं नाही. हा अभ्यास निरीक्षणाचा आहे, चाचणी नाही, म्हणून उद्याच कुलूप काढा असं मी म्हणणार नाही. दारापाशी खुर्ची टाकून बसलेला, नावाने हाक मारणारा माणूस हा कुलपाला पर्याय असतो. इटलीत त्रिएस्तेच्या मनोरुग्णालयात फ्रांको बासाग्लिया यांनी दारं उघडली, आणि १९७८ च्या कायद्याने तिथली मोठी मनोरुग्णालयं टप्प्याटप्प्याने बंद होत गेली. पण त्यांनी आधी वस्तीत चोवीस तास चालणारी केंद्रं उभारली.

१७. स्टेशनबाहेर एक मनोरुग्ण कित्येक दिवस बसलेला असतो. पोलिसांना सांगितलं तर मारतील का?

कलम १०० प्रमाणे अशा व्यक्तीला संरक्षण देणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. तिला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचं असतं, कोठडीत ठेवता येत नाही. तुम्ही सोबत गेलात तर फार फरक पडतो. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोहोचवण्याचं काम डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था कर्जतहून करते. त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जवळ जाताना आधी चहा-बिस्किट, मग प्रश्न.

१८. गावाकडे दर्ग्यात किंवा मठात साखळीने बांधतात. तिथे कायदा चालतो का?

चालतो. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी इथल्या आश्रयगृहाला आग लागली. साखळीने बांधलेले लोक पळू शकले नाहीत, २८ जण गेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०१९ मध्येही न्यायालयाने साखळीने बांधणं हा जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचं सांगितलं. श्रद्धेशी भांडू नका. दर्शनाला जा, अंगारा लावा, आणि गोळीही चालू ठेवा. फक्त साखळी नको.

१९. आमच्या माणसाला चुकीचं बांधलं गेलं. तक्रार कुठे करायची?

आधी संस्थेच्या वैद्यकीय प्रमुखाकडे लेखी, तारीख आणि पोच घेऊन. समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, मग राज्य प्राधिकरणाकडे. मंडळात फक्त डॉक्टर नसतात. न्यायाधीश असतात, आणि स्वतः आजार अनुभवलेल्या किंवा सांभाळ करणाऱ्या व्यक्तींनाही जागा आहे. मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. मुंबईत शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे आहेत, तुमचा कोणता ते पाहा. केसपेपरची प्रत मागा, तो रुग्णाचा हक्क आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मानसिक आधारासाठी आहे, तक्रारीसाठी नाही.

२०. मी एम.एस्सी. नर्सिंग करते आहे. या विषयावर प्रबंध करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

प्रश्नावली छापायच्या आधी एका कक्षात आठवडाभर नुसती बस. तिन्ही पाळ्या. मग एकच प्रश्न निवड. 'नर्सेसचं सक्तीविषयीचं ज्ञान आणि दृष्टिकोन' यावरचे प्रबंध कपाटभर आहेत. त्यापेक्षा एका कक्षातली तीन महिन्यांची प्रत्येक बंधनाची घटना, आधीच्या चार तासांसह, उलगडून लिही. गुजरातमधल्या सरकारी मानसिक आरोग्यसंस्थांत जागतिक आरोग्य संघटनेचा 'क्वालिटीराइट्स' हा सेवेचा दर्जा आणि रुग्णांचे हक्क सुधारण्याचा कार्यक्रम राबवून त्याचं मूल्यमापन झालं आहे (२०१९). आपल्या सरकारी व्यवस्थेत हे जमतं, हे दाखवणारं ते काम जरूर वाच.

मुलाखती घेणार असशील तर बांधलेल्या किंवा आत्ताच सोडवलेल्या माणसाला विचारू नकोस. तो नाही म्हणू शकत नाही, मग ती संमती कसली? सुट्टी झाल्यावर, कक्षाबाहेर, तू गणवेशात नसताना विचार. इंग्रजी मोजपट्टीचं मराठी करताना आधी रुग्णांनाच वाचून दाखव. 'तुमच्यावर दबाव आणला गेला का?' याला आमच्याकडे एका मावशीने "हो, बीपी वाढलं होतं" असं उत्तर दिलं होतं. आम्ही ते वाक्य बदलून 'मनाविरुद्ध काही करायला लावलं का?' असं केलं, तेव्हा ती खूप वेळ बोलली. आणि सुरुवात तिने मनगटापासून केली.